टोपल्यात घालून नेलेली लेकरं

आमच्या गावच्या चावडीला पाच पायऱ्या होत्या. बाईमाणसानं त्यातली एकही चढायची नाही, असा रिवाज. सुनांना तर समोरून जायचीही चोरी. पायातलं काढून हातात घ्यायचं, पदर नाकाखाली ओढायचा आणि पलीकडच्या भिंतीला धरून पालीसारखं सरकत जायचं. मी तशी कितीतरी वर्षं सरकले. त्याचा राग अजून गेलेला नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही.

पण सांगायचंय ते आत्याबाईचं. केवळाबाई तिचं नाव. आमच्या मालकांची सख्खी आत्या. बाविसाव्या वर्षी तिचा नवरा गेला, त्याच वर्षी दोन लेकरं देवीच्या साथीत आठ दिवसांत गेली, आणि सासरच्यांनी तिला एका गाठोड्यासकट गाडीत बसवून माहेरी आणून सोडलं. गाठोड्यात काय होतं असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "दोन लुगडी अन् सासूच्या शिव्या. लुगडी कवाच फाटली. शिव्या अजून वापरून राहिले."

उंच, हाडकुळी बाई. गोठा सगळा तिच्या हातात. कुणाची गाय अडली, बैल लंगडला की गावातले मोठे मोठे बापे दारात येऊन "केवळाबाई, जरा चलती का" म्हणायचे. जनावर बरं झालं की तीच केवळाबाई पुन्हा पांढऱ्या कपाळाची, सकाळी तोंड बघू नये अशी. ती गावची लेक, म्हणून तिला पदर ओढायची गरज नव्हती. शेषेराव पाटील आणि ती एका वयाची, एका गल्लीत खेळलेली. चावडीच्या खाली उभं राहून ती त्याच्याशी दोन शब्द बोलू शकायची. पायरी मात्र तिलाही नव्हती.

मी सांगते ते साल रझाकारांची गडबड व्हायच्या चारेक वर्षं आधीचं. आमचं गाव मुखेडपासून चार कोसांवर, लेंडी नदीच्या काठाला. कुठंतरी मोठी लढाई चालली होती आणि तिच्या नावानं सरकार आमच्या घरातली ज्वारी लेव्ही म्हणून नेत होतं. मला पहिल्या खेपेची मुलगी झाली होती, सिंधू. माघात ती सहा महिन्यांची झाली.

सिंधूची नाळ कापली लक्ष्मम्मानं. ती मांगवाड्यातली सुईण. बोधनकडून लग्न होऊन आलेली, मराठी बोलायची पण मोजायची तेलुगूत. मी कळांनी ओरडत होते आणि ही माझ्या पाठीला पाठ लावून "ओकटी, रेंडू, मूडू" करत होती. तिचंही पोट तेव्हा हे एवढं. माझी सुटका करून गेली आणि चौथ्या दिवशी तिलाही मुलगीच झाली. बाळंतपणात लक्ष्मम्माचा हात आमच्या अंगाला चालायचा. पाचवी पुजली की तीच लक्ष्मम्मा अंगणाच्या बाहेर. हे मला तेव्हा विचित्र वाटलं नाही. वाटायला पाहिजे होतं.

आता चावडीचं. वर्षातून एकदा, थंडीच्या दिवसांत, देवी डॉक्टर यायचा. डॉक्टर कसला, देवीची लस टोचणारा सरकारी माणूस. पण टोचतो म्हणून डॉक्टर. दोन दिवस मुक्काम. दोन्ही दिवस पाटील त्याला चावडीवर बसवायचा. सरकारी माणूस चावडी सोडून दुसरीकडं बसला तर पाटलाची पाटीलकी काय चुलीत घालायची?

मग लेकरं चावडीवर न्यायची कुणी? आईला पायरी बंद. बापानं न्यावं, तर बापानं आपलं लेकरू वडीलधाऱ्यांसमोर उचलायचं नाही. पोर पाळण्यातून पडलं तरी बाप आढ्याकडं बघत बसणार, अशी ती मर्दानगी. राहिला आजा. मलप्पा नावाच्या म्हाताऱ्यानं एका वर्षी नातवाला खांद्याशी धरून चावडी चढवली होती. तेव्हापासून सगळं गाव त्याला 'मलप्पा सुईण' म्हणून राहिलं होतं. बाजारात, लग्नात, मयतीला गेला तरी. मग दुसरा आजा कशाला जातोय.

म्हणून चावडीवर जायची ती पायानं चालणारी पोरं. पोरंच, पोरी नाहीत. दरसाल तीच ती वीस-पंचवीस पोरं बाह्या वर करून ओळीत बसायची. डॉक्टरनं विचारलं, "बाकीची लेकरं?" तर पाटील म्हणायचा, "गावात एवढीच हायत." पाटलाच्या धाकट्याच्या दंडावर टोचल्याचे इतके वण होते की तो ते गोट्यांच्या बदल्यात दाखवायचा. आणि पाळण्यातल्यांच्या दंडावर एक नाही.

आत्याबाईला हे कळत नव्हतं असं नाही. तिची दोन गेलेली, दोन्ही पाळण्यातलीच. पण तोंड उघडायला तिला त्या वर्षी कारण मिळालं. पौषात तहसीलदाराचा दौरा होणार होता. गावानं आपल्या मागण्यांची दरखास्त लिहून द्यायची ठरलं. चावडीवर सगळे बापे जमले. मार्तंडराव पटवारी कागद मांडीवर घेऊन बसले. आत्याबाई खाली, मारुतीच्या देवळाच्या भिंतीला टेकून उभी. मी तिच्या मागं, पदराच्या आतून बघत. मला तिनंच ओढून आणलं होतं. म्हणाली, "चल, बघ तरी आपले धनी काय मागून राहिलेत."

पहिलं कलम लेव्हीचं. ते बरोबर होतं, पोटाचा प्रश्न. दुसरं कलम, चावडीवर पत्रे. तिसरं, रानडुकरांसाठी पाटलाला बंदुकीचा परवाना. चौथं, ढोरांच्या डॉक्टरनं वर्षातून दोनदा यावं, कारण बुळकांडीची साथ कधी येईल सांगता येत नाही.

हे चौथं कलम ऐकलं आणि आत्याबाईनं भिंत सोडली.

"पाटील, ढोराचा डॉक्टर आला की कुठं बसतो हो?"

"बसतो कुठला? गोठ्या-गोठ्यानं फिरतो."

"चावडीवर का न्हाई बसत?"

वरची माणसं हसली. एक जण म्हणाला, "केवळाबाई, बैल काय पायऱ्या चढंल का?"

"मग लेकरू चढंल का? सहा महिन्याचं?" आत्याबाई म्हणाली. "बैलाच्या दारात डॉक्टर जातो, अन् लेकराला म्हणता चावडीवर ये. माझं बी कलम लिवा मार्तंडराव. देवी डॉक्टरनं घराघरानं फिरावं. न्हाईतर हिरीवर बसावं, बाया येतेत तिथं."

मार्तंडराव पाटलाकडं बघायला लागले. पाटील मिशीतल्या मिशीत हसत म्हणाला, "लिवा की. सरकारला बी कळू द्या आमच्या गावात केवळाबाई हाय म्हणून."

पुन्हा हसणं. मार्तंडरावांनी दौतीत टाक बुडवला. मग कागद वर धरला, उलटा केला, सुलटा केला. ती लिखाई उर्दूत, उजवीकडून डावीकडं जाणारी. आम्हा बायकांना काय दिसणार? ते म्हणाले, "जागा न्हाई उरली. सह्या-अंगठ्यांना तेवढी हाय. स्टांपाचा कागद हाय, बाई, दुसरा आणायचा तर मुखेडला जावं लागतं."

"जा मग मुखेडला."

"एका कलमासाठी?"

मी आत्याबाईच्या मागं होते, मला तिची मान दिसत होती. मानेवरची शीर अशी उडत होती की मला वाटलं आता ही वर चढते आणि पटवाऱ्याच्या डोक्यावर दौत ओतते. ती चढली नाही. घरी आली आणि गोठ्यातलं शेण अशा आवेशानं काढलं की म्हैस बिचारी दिवसभर कोपऱ्यात उभी.

पत्रे आले. चैत्राच्या आधी चावडीवर चढलेसुद्धा. चकाकायचे ते. बंदूकही आली. रानडुक्कर एकही मेलं नाही, पाटलाचा स्वतःचा कुत्रा मात्र मेला.

पण त्याच्या आधी माघ आला, आणि माघात नदीपलीकडच्या गावात देवी आल्या. बाजाराच्या दिवशी तिकडची एकही गाडी आली नाही, तेव्हाच आम्हाला कळलं. पलीकडनं कुणी येऊ नये म्हणून नदीच्या उताराच्या वाटेवर बाभळीचे काटेरी फास टाकले. देवी काय काट्याला भिणार? मी सिंधूला पोटाशी धरून बसायचे. तिच्या अंगाला हात लावला आणि जरा कोमट लागलं की मी तिला दिव्याजवळ नेऊन अंगभर फोड शोधायचे. सोळा-सतरा वर्षांची मी. लेकरू पहिलंच.

तशात देवी डॉक्टर आला. नवाच होता, रेणुकादास नावाचा, नांदेडकडचा. काळी टोपी, छत्री आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली पेटी. पेटीत काचेच्या बारीक नळ्या, नळीत लस. आमच्या घराच्या समोरून पाटलाच्या माणसाबरोबर गेला आणि चावडीवर चढला. थोड्या वेळानं तीच पंचवीस पोरं बाह्या वर करून ओळीत.

आत्याबाई चावडीखाली जाऊन उभी राहिली. "डॉक्टर, पलीकडच्या गावात साथ हाय. इथं पाळण्यातली अकरा लेकरं बिनटोचलेली हायत. जरा बोळात चला."

रेणुकादास माणूस वाईट नव्हता. थकलेला होता. खाली वाकून म्हणाला, "आई, मला फिरायला काही नाही हो. पण पाटलांची सही लागते. सही नाही मिळाली तर माझी बदली किनवटच्या जंगलात करतील. एकाची झालीय."

"अन् लेकरं मेली तर कुणाची बदली व्हती?"

त्यानं पुढच्या पोराचा दंड ओढला. पाटील लोडाला टेकून म्हणाला, "केवळे, उगं त्यांच्या कामात खोडा घालू नको. सरकारी काम सरकारी जागेवर व्हतं. ज्याला टोचायचंय त्यानं लेकरू आणावं. मी कुणाला न्हाई म्हणलं का?"

"कोण आणंल?"

"ज्याचं लेकरू तो."

वर बसलेल्यांत माझे सासरे होते, आमचे मालक होते. मालकांचं नाव मी घेत नाही. आत्याबाई आता घेईलच. दोघंही चावडीच्या वाशांकडं बघत होते.

घरी आल्यावर ती मालकांना म्हणाली, "दगडू, उद्या दुपारी डॉक्टर जाणार. सकाळी सिंधूला घेऊन चढ."

"आबा बसलेत तिथं, आत्या."

"मग? आबाला ठाव न्हाई का ती तुझी लेक हाय म्हणून? का त्याला वाटतं ती वळचणीतून पडली?"

"तसं न्हाई. लोक काय म्हणतील. मलप्पाचं बघ की."

"मलप्पाला सुईण म्हणतेत. त्याचा नातू जिता हाय. तुला काय म्हणून घ्यायचंय ते ठरव."

मालक उठून बाहेर गेले. माझ्यासमोर, खोलीत, दाराला कडी लावून ते सिंधूला तासभर पायांवर झुलवत, तिच्या तोंडात बोट घालून हसत. त्याच माणसाचे हात दाराबाहेर आले की लाकडाचे. मला त्या दिवशी त्यांचा जितका राग आला तितका पुढं कधी आला नाही, आणि पुढं कारणं कमी नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेव्हीची ज्वारी द्यायची होती. चावडीवर मापारी बसला होता, आणि गावातले बापे टोपल्यांत, हाऱ्यांत ज्वारी भरून डोक्यावरून, खांद्यावरून वर नेत होते. आत्याबाई गोठ्याच्या दारात उभी राहून बघत होती. मी सिंधूला पाजत होते. मग मला म्हणाली, "निले, टोपलं उचलायला ह्यांना लाज न्हाई वाटत, न्हाई का?"

"टोपल्याची कसली लाज?"

"व्हय ना," म्हणाली. "टोपल्याची कसली लाज."

आणि ती गोठ्यातलं मोठं टोपलं घेऊन आली. आपटून झाडलं. तळाला पोतं घातलं, पोत्यावर तिचं स्वतःचं जुनं लुगडं. मला म्हणाली, "ठिव हिला."

मी म्हणाले, "काय येड लागलंय का?"

"लागलंय. ठिव."

सिंधूला ठेवलं. ती खुशीत पाय झाडायला लागली. वरून फडकं. आत्याबाईनं मालकांना हाक मारली, टोपलं त्यांच्या पुढ्यात सरकवलं आणि म्हणाली, "लेव्हीची ज्वारी हाय. चावडीवर नेऊन ठिव."

मालकांनी टोपल्याकडं बघितलं. फडकं हलत होतं. माझ्याकडं बघितलं. मी तोंड फिरवलं, कारण मला रडू येत होतं की हसू ते मलाच कळेना. मग ते खाली वाकले, चुंबळ केली, टोपलं उचललं. मी आजवर पाहिलेला तो सगळ्यात खोटा माणूस आणि सगळ्यात खरा बाप, एकाच वेळी.

तोवर आत्याबाई घराघरात. "टोपलं काढ. पोतं घाल. पोरगी बी घाल, पोरगं बी घाल." बायांना समजायला वेळ लागला नाही, पुरुषांना त्याहून कमी लागला, कारण प्रत्येक जण वाटच बघत होता की कुणीतरी आपल्याला न लाजता जायची वाट करून द्यावी. थोड्या वेळात गल्लीतून टोपल्यांची रांग. एक हारा, दोन डालगी, बाकी टोपली. अकरा होती. पुढं आमचे मालक, डोक्यावरचं टोपलं दोन्ही हातांनी असं धरलेलं की ज्वारी कुणी तशी धरत नाही. मागं बाया, चपला हातात घेऊन, पण त्या दिवशी भिंत धरून नव्हे, रस्त्याच्या मधून.

चावडीवर पहिलं टोपलं टेकलं. पाटील म्हणाला, "दगडोबा, काय आणलंस?"

"लेव्हीची ज्वारी, पाटील."

तेवढ्यात फडक्यातून सिंधूनं भोंगा काढला. तिचं ऐकून मागची तीन टोपली रडायला लागली.

पाटील म्हणाला, "ज्वारी रडून राहिली की रे."

खालून आत्याबाई म्हणाली, "तुमच्या राज्यात ज्वारी बी रडती, पाटील. मापून घ्या."

आधी मापारी हसला. मग माझे सासरे हसले. आयुष्यात मी त्यांना तीनदा हसताना पाहिलं, त्यातलं ते एक. मग सगळी चावडी. पाटलाला हसणं भाग होतं, नाहीतर एकटा पडला असता. रेणुकादासानं कुणाच्या तोंडाकडं न बघता पेटी ओढली, पहिल्या टोपल्यावरचं फडकं बाजूला केलं आणि दंड पुसला. लसीचा थेंब ठेवायचा आणि दातेरी चकती असलेली सळई त्याच्यावर गरकन फिरवायची, अशी ती रीत. आम्ही खाली उभ्या. दिसत काही नव्हतं. पण ओरडणं ऐकून प्रत्येकीला कळत होतं, आता हिचं, आता तिचं. माझ्या सिंधूचं ओरडणं मी हजारांत ओळखलं असतं. त्या ओरडण्यानं माझ्या छातीवरचा दगड उतरला.

लक्ष्मम्मा तिथंच होती. चिंचेच्या खाली, आमच्यापासून पंधरा-वीस पावलांवर, कडेवर तिची मुलगी. तिच्या मागं मांगवाड्यातल्या आणखी चार-पाच जणी. अकरा टोपल्यांतली नऊ लेकरं लक्ष्मम्मानं ह्या जगात आणली होती. ती हसत होती आमच्यासंगं. सगळं उरकलं, बाया आपापलं टोपलं घेऊन निघाल्या, तेव्हा तिनं हाक मारली. "केवळाबाई, आमचीबी लेकरं हायत की. डॉक्टरच्या पेटीत नळ्या हायत अजून, म्या पाहिल्या."

आत्याबाई थांबली. वर बघितलं. रेणुकादास पेटी आवरत होता, पाटील सही करत होता. मांगवाड्याचं टोपलं त्या पायऱ्यांवरून कोण वर नेणार? त्यांना पायरी नाही, आणि आमच्यातला कुणी त्या टोपल्याला हात लावणार नाही. आत्याबाई जिंकून आली होती. अकरा लेकरं चावडीला चुना लावून टोचून आणली होती, बाया तिच्याभोवती घोळका करून होत्या. आणि तिला पाटलाशी परत भांडायचं नव्हतं. मी बघितलं, तिला नको होतं.

ती म्हणाली, "पुढच्या खेपेला बघू, लक्ष्मम्मा."

लक्ष्मम्मा "बरं" म्हणाली. मी काही म्हणाले नाही. माझ्या टोपल्यात माझं लेकरू होतं.

रेणुकादास दुपारी गेला. नळ्या तशाच घेऊन गेला.

आठव्या दिवशी सिंधूच्या दंडावर फोड टरारला. ताप आला. आम्ही घरात फोडणी बंद केली, दारात लिंबाचा डहाळा लावला, जसं देवी आल्यावर करतात तसंच सगळं केलं. खपली पडली, दोन वण राहिले, रुपयाएवढे गोल. मी ते रोज बघायचे.

फाल्गुनात देवी नदी ओलांडून आल्या. आमच्या गल्लीतल्या टोपल्यातल्या एकाही लेकराला त्या आल्या नाहीत. मांगवाड्यात चार लेकरं गेली. चौथी लक्ष्मम्माची मुलगी. माझ्या सिंधूपेक्षा चार दिवसांनी लहान.

गावात मात्र टोपल्यांची गोष्ट रंगवून रंगवून सांगायचे. पाटीलसुद्धा पाहुण्यांना सांगायचा, जणू त्याचीच अक्कल. "ज्वारी रडून राहिली की रे," म्हणायचा आणि मांडीवर थाप मारायचा. आत्याबाई असली की उठून जायची. एकदा एका बाईनं पाणवठ्यावर तीच गोष्ट काढली, तर आत्याबाई कडाडली, "बास कर. आपण अकरा मोजली. मागं उभी होती ती कुणी मोजली का?" नंतर गोठ्यात मला म्हणाली, "मार्तंडरावाच्या कागदावर जागा संपली व्हती. माझा तर कागद बी नव्हता, निले. माझी जागा का संपली?" माझीही संपलीच होती.

ती मांगवाड्यात गेली होती मयतीनंतर. लक्ष्मम्मानं तिला दारातून परत पाठवलं. शिवी दिली नाही. शिवी दिली असती तर आत्याबाईला बरं वाटलं असतं. पुढं दुसऱ्या खेपेला माझी वेळ आली तेव्हाही लक्ष्मम्मा आली, हात चालवला, पण तिनं आकडे मोजले नाहीत. तोंड बंद ठेवून माझं बाळंतपण केलं आणि गेली.

देवी येऊन गेल्या त्याच्या पुढच्या माघात रेणुकादास आला. आत्याबाई सकाळपासून उताराच्या वाटेवर जाऊन बसली होती. मला बरोबर नेलं. तो दिसला तशी उठली, पाटलाच्या माणसाच्या हातातली पेटी काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "चला डॉक्टर. आधी मांगवाडा."

पाटलाचा माणूस पळत सांगायला गेला. आम्ही मांगवाड्याच्या तोंडाशी पोचतो न पोचतो तोच पाटील स्वतः, धोतराचा सोगा धरून. "केवळे! आधी चावडी! रिवाज हाय!"

"शेषा," ती म्हणाली. चारचौघांत त्याला शेषा म्हणणारं दुसरं कुणी जिवंत नव्हतं. "तुझ्या चावडीला देवी येत न्हाईत. गेल्या साली त्या हितं आल्या, अन् पेटी तुझ्या चावडीवरूनच माघारी गेली."

"सही देणार न्हाई मी!"

"नको देऊ. डॉक्टर, किनवटला लाकूडफाटा चांगला मिळतो म्हणतेत."

रेणुकादास त्या दोघांच्या मधे उभा. त्यानं छत्री मिटली. मग मुकाट्यानं माझ्या मागं चालायला लागला. तो का आला ते मी त्याला कधी विचारलं नाही. गेल्या सालच्या त्या परत नेलेल्या नळ्यांचं ओझं त्यालाही असावं, असं मला वाटतं.

लक्ष्मम्मा दारात बसली होती. तिच्या शब्दाबिगर त्या वाड्यातली एकही बाई लेकरू बाहेर काढणार नव्हती. आत्याबाई तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. माघ असला तरी ऊन चढलं होतं. लक्ष्मम्मा सूप घेऊन पाखडत होती, ती पाखडतच राहिली. वर बघितलं नाही.

"लक्ष्मम्मा, डॉक्टर आणलाय."

सूप चालूच.

"मी चुकले."

सूप थांबलं नाही. आत्याबाईही हलली नाही. मी पेटी धरून उभी, रेणुकादास छत्री धरून, आणि लांब पाटील हात वर करून काहीबाही बोलत. सगळं धान्य पाखडून झालं. लक्ष्मम्मा उठली, आत गेली, आणि जावेचं तान्हं घेऊन आली. आत्याबाईनं घ्यायला हात पुढं केले. तिनं दिलं नाही. स्वतःच मांडी घालून बसली, लेकराचा दंड मोकळा केला आणि डॉक्टरला म्हणाली, "टोच."

मग एकेक बाई यायला लागली. लक्ष्मम्मा प्रत्येक लेकरू, तान्हं असो की चालतं, स्वतः धरायची. शेवटच्या नळीपर्यंत तिनंच लेकरं धरली. त्या वर्षी चावडीवरच्या पंचवीस पोरांना लस उरली नाही, आणि पाटलाच्या धाकट्याचे वण वाढले नाहीत.

सगळं झाल्यावर लक्ष्मम्मानं डॉक्टरला बसायला घोंगडं टाकलं. आत्याबाई उन्हातच उभी होती. लक्ष्मम्मा तिला बस म्हणाली नाही. जा असंही म्हणाली नाही.